तुतीकडचं वारं

धाकट्या बहिणीनं ड्रोन चालवायचं प्रशिक्षण पूर्ण केलं. पहिली फवारणी बेंबळीजवळच्या आमच्या गावात, काकांच्या सोयाबीनवर ठरली. वेळ काकांनी काढली: अकरा. मुहूर्त होता, शिवाय तोवर धारा, न्याहारी उरकून भावकीला शेतात येता येणार होतं. बहीण सकाळी सहाची वेळ मागत होती.

"सहाला कोण बघाय येतंय?" काका म्हणाले.

अकराला बांधावर निम्मं गाव होतं. काकूंनी ड्रोनला हळदकुंकू लावलं. कुणीतरी पात्याला लिंबू-मिरची बांधली. बहिणीनं ती सोडून काकूंच्या हातात दिली. नारळ फुटला. तोवर वारं उठलं होतं.

सोयाबीनला लागून चुलत वहिनीची तुती आहे. शेडमधल्या रेशमाच्या अळ्या त्याच पाल्यावर वाढतात, आणि त्या आठवड्यात त्या कोष करायच्या बेतात होत्या. सोयाबीनवरची अळी मारणारं औषध त्यांनाही मारतं. वारं तुतीकडं वाहत होतं. बहिणीनं वारं मोजायचं यंत्र उंच धरलं, आकडा बघितला आणि रिमोट खाली ठेवला.

"थांबू थोडं."

थोडं म्हणजे किती, हे तिला कुणी विचारलं नाही, मला विचारलं. मी वर्तमानपत्रात काम करते, म्हणून मला ठाऊक असावं. जिल्ह्यातल्या, विज्ञान-तंत्रज्ञानात पुढं आलेल्या स्त्रियांवर पुरवणी निघणार होती आणि ड्रोन हवेत असलेला फोटो मला संध्याकाळपर्यंत द्यायचा होता. मी बांधावर येरझाऱ्या घालत राहिले. कॅमेरा उचलायचा, खाली करायचा, पुन्हा उचलायचा.

"चार्जिंग उतरली वाटतं ताईची."

"ताईची का ड्रोनची?"

हशा पिकला. काका हसले नाहीत. गावातल्या चौघांना त्यांनीच गळ घातली होती, की पाठपंप ठेवा, फवारणी आमच्या पोरीला द्या. ते चौघे समोर उभे होते. आज ड्रोन उडला नाही तर ते बहिणीला काम देणार नाहीत, हे तिला दिसत होतं. ती पुन्हा पुन्हा आकडा बघत होती.

वहिनी पाल्याची पाटी घेऊन शेडच्या दारात आली. "माजी लेकरं जेवाय बसल्यात," ती ओरडली, "जरा दमानं घ्या!"

काका बहिणीजवळ गेले. आवाज खाली आणला. "रिकामी टाकी घेऊन एक फेरी मार. औषध न्हाय, काय न्हाय. नुसता उडव."

तिनं रिमोट उचलला, पट्टा गळ्यात अडकवला, काढला.

"काका, तुम्ही सांगाल तसं केलं असतं. पण आत्ता उडवला, तर असल्या वाऱ्यात फवारता येतं असंच ही माणसं धरून चालतील. उद्या दुसऱ्या कुणाला बोलवतील. तो टाकी भरून उडवंल."

"अन् तुजी कामं गेली तर?"

"गेली तर गेली," ती म्हणाली. तिनं बॅटऱ्या काढल्या.

ऊन चढलं तशी माणसं पांगली. चौघांतले दोघेही गेले. तिसरा घुटमळला.

"मंग कधी?"

"उद्या उजाडताना. वारं असलं तर उद्याबी न्हाय."

"उठवा मग आमाला," तो म्हणाला. चौथ्यानं मोटारसायकल चालू केली. बहीण त्याच्याकडं बघत होती. हो-नाही न सांगता तो निघून गेला.