कोरी कॅसेट

उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये तो कॅसेटवर इंग्रजी पॉपची गाजलेली गाणी भरून द्यायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. इंग्रजी त्याला येत नव्हतं. आपण चाल गुणगुणायची, तो डोळे मिटून ऐकायचा आणि नेमकं तेच गाणं काढायचा. घरची जुनी कॅसेट दिली, तर हेडफोन एका कानाला लावून आधी ती ऐकायचा. त्या सवयीचा मला भयंकर राग यायचा.

एकदा असं झालं, की दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये आमचा नाच होता आणि गाणं अजून हातात नव्हतं. मी आईने दिलेली कॅसेट पुढे केली. "कोरीच आहे," ती म्हणाली होती.

त्याचं बोट रेकॉर्डच्या बटणावर होतं, पण तो ते दाबेना.

"जल्दी करो ना, अंकल."

त्याने हेडफोन माझ्या कानाला लावला. आई गात होती. घरात मी तिला कधीच गाताना ऐकलं नव्हतं.

"इंग्लिश गाना कल भी मिलेगा, बेटी. ये किधर मिलेगा?" असं म्हणत त्याने स्क्रू ड्रायव्हरने कॅसेटच्या मागचे प्लास्टिकचे दोन्ही तुकडे तोडले. आता तिच्यावर काही भरता येणार नव्हतं. नवी कॅसेट घ्यायला माझ्याकडे पैसे नव्हते; नाच बोंबलला म्हणून मी चरफडत अंबरनाथला घरी आले.

"भरली का?" आईने विचारलं.

मी कॅसेट तिच्या हातात कोंबली आणि काय झालं ते सांगितलं. तिने तुटलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. मग हळूच म्हणाली, "त्याने सगळी ऐकली?"