छापखाना थांबवणाऱ्या मालतीताई

मालतीताई खांबेटे यांची आणि माझी पहिली भेट अमेरिकेतल्या अर्विंगमध्ये, तिथल्या मराठी मंडळाच्या एका रविवारच्या व्याख्यानाला झाली. नागपूरहून नोकरीसाठी येऊन मला जेमतेम चार महिने झाले होते, आणि खरं सांगायचं तर मी व्याख्यानानंतरच्या मसालेभातासाठी गेले होते. विषय होता कंबोडियाच्या राजसत्तेचा. ताईंनी सुरुवातच अशी केली, "आपल्याकडे बाप मुलाला गादी देतो. कंबोडियाच्या एका राजानं ती बापाला दिली आणि स्वतः निवडणुकीच्या राजकारणात उतरला." सभागृहात हशा पिकला. मग त्याच राजाला तो परदेशात असताना संसदेनं पदावरून कसं काढलं, राजेशाही कशी गेली, हत्यारबंद राजवटीनं शहरं कशी रिकामी केली आणि पुष्कळ वर्षांनी राजा पुन्हा गादीवर कसा आला, हे त्या सांगत गेल्या. मसालेभात गार झाला तरी कुणी उठलं नाही.

ताई त्यांचे पती डॉक्टरकाका यांच्याबरोबर साताऱ्याहून अमेरिकेत आल्या त्या गृहिणी म्हणून. त्यांच्या अपार्टमेंटच्या इमारतीत एक कंबोडियन निर्वासित कुटुंब राहायला आलं. त्या कुटुंबातल्या मुलांना ताई इंग्रजी शिकवू लागल्या आणि त्या मुलांकडून स्वतः त्यांची ख्मेर भाषा शिकल्या. स्वतःची मुलं शाळेत रुळल्यावर त्यांनी विद्यापीठात नाव घातलं, डॉक्टरेट मिळवली आणि पुढे निवृत्त होईपर्यंत कंबोडियाचा राजकीय इतिहास शिकवला. राजे आणि सेनापती यांच्यापेक्षा राजवाड्याच्या कचेरीतल्या कारकुनांकडे त्यांचं लक्ष अधिक असे. "हुकूम देणारा एक ओळ बोलतो. ती कागदावर उतरवणाऱ्याला सगळं ठाऊक असतं," असं त्या म्हणत.

मध्यंतरी माझी नोकरी गेली. मी कुणाचे फोन घेईनाशी झाले, तेव्हा ताई सरळ दारात येऊन उभ्या राहिल्या. "वैशाली, भिंतीकडे बघत बसू नकोस. माझ्या पुस्तकाची नामसूची करायची आहे, चल." त्यांच्या जेवणाच्या टेबलावर मी तीन महिने बसले. काका दुपारी न विचारता चहा आणून ठेवत. सूची पुरी व्हायच्या आत मला दुसरी नोकरी लागली, तरी शनिवारी मी जातच राहिले.

त्या सूचीत सारिन नावाचा एक कारकून होता. ती हत्यारबंद राजवट आली तेव्हा राजवाड्यातल्या नोकरांची यादी त्यानं सैनिकांच्या हवाली केली, असं एका जुन्या अधिकाऱ्याच्या आठवणींत होतं, आणि त्यावरून ताईंच्या पुस्तकातही आलं होतं. पुस्तक छपाईला गेलं. त्याच आठवड्यात आम्ही दोघी ताईंच्या नेहमीच्या डोनटच्या दुकानात बसलो होतो. मालकीण चन्था कंबोडियातून लहानपणीच इथे आलेली. ती ताईंना 'बाँग' म्हणते, म्हणजे त्यांच्याकडची ताई. बोलता बोलता तिनं वडिलांचा जुना फोटो दाखवला. मागे नाव आणि हुद्दा लिहिला होता: सारिन, राजवाड्याच्या कचेरीतले कारकून. ताईंनी तो वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला.

ताई गप्प राहिल्या असत्या तर कुणाला कळलंही नसतं. त्यांनी गाडीत बसल्या बसल्या प्रकाशकांना फोन करून छपाई थांबवायला सांगितली. संपादक म्हणाले, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू. ताई म्हणाल्या, "ज्याची बदनामी पहिल्या आवृत्तीत होईल, त्यानं दुसरीची वाट पाहायची?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मी एकाच माणसाच्या आठवणीवर विसंबले. विद्यार्थ्यानं असं केलं असतं तर मी पान परत दिलं असतं."

"पण ताई, ते खरंच निघालं तर?" मी विचारलं.

"तर छापावं लागेल. पण तिला आधी सांगून."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर चन्थाला सगळं सांगितलं. तिनं हातातला चिमटा खाली ठेवला. "बाँग, माझी आई लोकांकडून हेच ऐकत ऐकत गेली. आता तुमच्या पुस्तकातही?" एवढं बोलून ती आत निघून गेली.

पुढचे सात आठवडे ताईंनी नॉम पेन्हच्या अभिलेखागाराला पत्रांमागून पत्रं लिहिली. दुकानातही त्या रोज जात. चन्था कॉफी द्यायची, बोलायची नाही. ताईंना झोप लागत नाही, असं काका मला काळजीनं सांगायचे.

एका सकाळी ऑफिसमध्ये ताईंचा फोन आला. "कागद आलेत. दुकानात ये." मी मीटिंग कॅन्सल केली आणि ड्राइव्ह करत निघाले. दुकानात ताई उभ्यानंच मूळ ख्मेर कागद मोठ्यानं वाचत होत्या. यादीखाली दुसऱ्याच एका माणसाची सही होती. आणि यादीच्या तारखेच्या आठ दिवस आधीच सारिन यांना पकडून नेल्याची नोंद होती. यादी द्यायला ते तिथे नव्हतेच. चन्था पिठाच्या पोत्यावर मट्‌कन बसली आणि रडता रडता हसू लागली. "आईला कळायला हवं होतं," ती म्हणाली. ताईंनी तिचा हात धरला. मग त्यांनी समोरचा साखरेत घोळवलेला डोनट उचलून पुरता खाल्ला. "यांना सांगू नकोस हं, शुगरचं माहीत आहे ना!" काका, आज ताईंच्या पंचाहत्तरीच्या निमित्तानं इथे सांगते आहे, माफ करा. तीन मिनिटांत आमच्या छातीवरचा केवढा मोठा दगड उतरला होता!

पुस्तक तीन महिने उशिरा निघालं. त्यात सारिन यांच्यावर ठपका ठेवणारं ते वाक्य नाही, त्यांच्याविषयी दोन पानं आहेत. चन्थानं बौद्ध मंदिरात वडिलांच्या नावानं भिक्षूंना भोजन दिलं, तेव्हा ताईंना तिनं घरच्या माणसांच्या रांगेत बसवलं.

ताईंनी पंचाहत्तरी गाठली आहे. गुडघ्याची शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली, आणि डॉक्टरांनी दूरच्या प्रवासाला परवानगी दिली आहे. येत्या हिवाळ्यात त्या चन्थाबरोबर नॉम पेन्हला जाणार आहेत. निर्वासित म्हणून निघाल्यानंतर चन्था प्रथमच मायदेशी चालली आहे. एकटीला जाववत नव्हतं, बाँग बरोबर येतील तर जाईन, असं ती म्हणाली. तिच्या बरोबरीनं तिथल्या रस्त्यांवर हिंडण्याचं बळ ताईंच्या पायांत राहो, काकांची साथ त्यांना लाभो, आणि शंभराव्या वर्षीही त्यांच्या टेबलावर आम्हाला जागा असो, हीच आम्हा सर्वांची मनापासूनची इच्छा.