बर्फाच्या कारखान्याचं ऊन पाणी

मावशी आधी कोपर बुडवायची. घंगाळात पाणी काढलं की पदर खोचून वाकायची, उजवं कोपर पाण्यात धरायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "थांबा. पानी काय म्हनतंय ते बगू."

पाणी काही म्हणत नसतं, हे तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे. मी तिला तसं तोंडावर सांगितलं होतं. "तुज्याशी न्हाईच बोलायचं ते," ती म्हणाली. "तू मदीच बोलतुस."

ती पिंपरी गावातली सुईण. स्टेशनजवळ बर्फाचा कारखाना आहे, त्याच्या मागे आमची कामगारांची चाळ. चाळीतल्या बाळंतिणींना आणि त्यांच्या पोरांना न्हाऊ घालायला तीच यायची. त्यांना ऊन पाणी भरपूर लागतं आणि आमच्याकडे सरपणाची बोंब. पवनेकाठच्या बाभळी तोडून संपल्या होत्या, कोळसा परवडत नव्हता. आणि त्याच वेळी कारखान्याच्या यंत्राची सगळी ऊब त्याच्यावरून सोडलेल्या पाण्याबरोबर भिंतीपलीकडच्या गटारात वाहत होती. मी पेटलो. 'बर्फाची ऊब गटारात का?' असं पत्रक काढून गेटवर वाटलं.

कारखान्याचे शेठ कंटाळले. म्हणाले, "घ्या बाबा ऊब. पण महिनाभरात कुणी वापरली नाही, तर नळ काढून टाकीन."

कारखान्यातल्या मिस्त्रीनं यंत्राची तापलेली नळी पाण्याच्या पिंपातून वेटोळी करून नेली आणि पिंपाचा नळ चाळीच्या न्हाणीघरात काढून दिला. ना चूल, ना धूर, ऊन पाणी. आणि त्या नळाला कुणी हात लावेना.

"बर्फाचं पानी ते," बायका म्हणाल्या. "हाताला ऊन लागंल, पर गुणानं गारच. बाळंतिणीला वात धरंल."

मी मिस्त्रीला विचारलं, हे नेमकं चालतं कसं. तो म्हणाला, "या नळ्यांत गॅस फिरतो. तो दाबला की तापतो, मोकळा सोडला की गारठतो. गारठला की बर्फाच्या डब्यांतली ऊब शोषून घेतो. मग आपण त्याला दाबतो, तो तापतो आणि ती ऊब पाण्यात टाकतो. इंजिन ऊब तयार करत नाही राव, नुसती वाहून नेतं."

मला पटलं आणि पटलंही नाही. म्हणजे ज्याच्याकडे आधीच ऊब कमी, त्याच्याकडून काढून जास्तवाल्याला द्यायची. हे तर शेठजींचंच तत्त्व झालं. तरी मी दुसरं पत्रक लिहिलं, समजावून सांगणारं. त्यानं गोंधळ वाढला. एका बाईनं मला नळापाशीच गाठलं. "भाऊ, तुमीच लिवलंय ऊब बर्फातली हाय म्हनून. मग आमी काय येगळं म्हनत हुतो?"

महिना सरत आला होता. तेवढ्यात शेजारच्या खोलीतली पहिलटकरीण बाळंत झाली आणि घरातलं सरपण संपलं. पोर चिकट अंगानं रडत होतं. सासू हटून बसली. "मावशी म्हनंल तसं."

मावशी आली. "आदी यंत्र दाव," म्हणाली.

मी तिला कारखान्यात नेलं. तिनं एका नळीवर हात ठेवला. त्या नळीवर पांढरं हिम चढलेलं. दुसऱ्या नळीला बोट लावलं आणि झटकन मागं घेतलं. मग बराच वेळ यंत्राकडे बघत राहिली. ते थडथडत होतं.

"ही बाळंतीण हाय," ती म्हणाली.

मिस्त्रीनं माझ्याकडे बघितलं.

"बाय मोकळी झाली की कशी थडथड उडती, बगितलंय का? लेकरू कसं ऊन ऊन भाईर येतं. आईची ऊब जाती कुटं? हितं बी तसंच हाय. आन् तुमी तिला उघडी ठिवलीया."

तिनं घरून गोधडी आणली आणि हिमाच्या नळीला गुंडाळली. मिस्त्री म्हणाला, त्यानं पाण्याला काही फरक पडायचा नाही.

"नगं पडू दे."

मग न्हाणीघरात घंगाळ भरलं. साऱ्या चाळीतल्या बायका दारात. तिनं कोपर बुडवलं, डोळे मिटले. मीही त्यांच्यासारखाच तिच्या तोंडाकडे बघत होतो, आणि त्याचा मला रागही येत होता.

"ऊन जरा कमी हाय," ती म्हणाली. "पर खोटं न्हाई. आना लेकराला."

दुसऱ्या दिवसापासून नळाला रांग लागली. शेठांनी पुन्हा नळाचं नाव काढलं नाही. माझी पत्रकं वाया गेली आणि एका गोधडीनं काम केलं, हे मला सहन होईना. मी तिच्याशी भांडलो. "मावशी, यंत्राला थंडी वाजत नाही."

"तुला वाजती का?"

"वाजते."

"मंग झोपंत कुनी पांगरून घातलं, तर उटून इचारतुस का, कशापायी घातलं म्हनून?"

पुढे नव्या कारखान्यासाठी तिचं शेत गेलं आणि घरही. ती बहिणीकडे कुरुळीला निघून गेली. मी त्यावरही पत्रक काढलं. ते वाचून कुणी काही केलं नाही.

गोधडी अजून नळीवर आहे. भिजून, गोठून लाकडासारखी कडक झालीय. मिस्त्री ती काढत नाही आणि का काढत नाही, तेही सांगत नाही. परवा थंडीत मी न्हाणीघरात एकटा होतो. बादली भरली. दार लावून घेतलं, बाही वर केली आणि पाण्यात कोपर बुडवलं.

पाणी काय म्हणालं, मला कळलं नाही. पण मी मध्ये बोललो नाही.