मायकापासून चार बोटं

आमच्या घरात तबकडी एकच होती आणि ती वाजवायला यंत्र नव्हतं. लोक आधी यंत्र घेतात, मग तबकड्या जमवतात. आमचं उलटं. बाबा तरुणपणी गायन पार्टीत होते. मुख्य गायक केनवडकडचे, बाबांचे जिवलग मित्र. त्यांच्यामागे कोरसला तिघं, त्यातले एक बाबा. जयंतीला, पौर्णिमेला, कोणाच्या लग्नात, जिथून बोलावणं येईल तिथे जाऊन गायचे. एकदा मुंबईच्या कुठल्याशा कंपनीने त्यांची लहान तबकडी काढली, एका बाजूला एक गाणं. पुढे पार्टी मोडली. मुख्य गायक वारले, कोरसमधले दोघेही वारले. राहिले बाबा आणि ती तबकडी.

तबकडीपेक्षा तिची गोष्टच जास्त वाजली. विहारासमोरच्या ओट्यावर बसून बाबा सांगायचे, "कोरसमंदी सगळ्यायच्या पुढं मी. मायक इथं, अन् मी इथं." आणि नाकासमोर चार बोटं आडवी धरायचे. सगळ्या गावाला ही चार बोटं पाठ होती. बाबांनी आयुष्यभर गोदामात पोती उचलली. मिरवायला त्यांच्याकडे एवढंच होतं.

मी त्यांना गाताना कधी ऐकलं नाही. माझ्या जन्माआधीच पार्टी मोडली होती, आणि आता दम्यामुळे बाबा दोन वाक्यं सलग बोलत नाहीत. मी शिरपूरला शाळेत मास्तर. आवाजाच्या यंत्रातलं मला काही कळत नव्हतं. पण बापाचा आवाज एकदा तरी नीट ऐकायचा, एवढं ठरवलं आणि अकोल्याहून तबकडी वाजवायचा एक जुना टर्नटेबल घेऊन आलो.

तबकडी फिरवणारा त्याचा रबरी पट्टा विरघळून गुळासारखा झाला होता. मी हुशारी करून सायकलच्या ट्यूबची गोल पट्टी कापून घातली. तबकडी फिरली, गाणं लागलं, आणि चौघंही झिंगून गात असल्यासारखे वर-खाली होऊ लागले. बाबांनी शांतपणे शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "आमी पेत नव्हतो."

खरा पट्टा आला तर गुणगुण सुरू झाली. गाणं राहिलं बाजूला, स्पीकरमधून नुसता माशीसारखा आवाज. आठवडाभर मी तारा उलटसुलट केल्या. शेवटी कळलं की घराचं अर्थिंगच कोरडं पडलंय. मीटरमागच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घालून त्यात रोज बादलीभर पाणी ओतायला लागलो, तेव्हा गुणगुण गेली. उन्हाळ्याचे दिवस, गावात टँकर. बायको दारात उभी राहून बघायची. "झाडं वाळून राह्यले," ती म्हणाली, "अन् हे गाण्याले पाणी घालून राह्यले." मी उरलेली बादली खड्ड्यात रिकामी केली.

स्पीकरची खोकी गावातल्या सुताराकडून करून घेतली. मापं मी कागदावर दिली होती, त्याने ती तंतोतंत पाळली आणि वर दोन्ही खोक्यांना कडी-कोयंडा बसवून दिला. म्हटलं, हे कायले? तर म्हणे, "अंदर सामान ठेवसान तं कुलूप नको?" कड्या काढल्या, भोकं मेणाने बुजवली. शेजारी पिठाची गिरणी. ती चालू झाली की सुई जागेवर नाचायची, म्हणून टर्नटेबलखाली शहाबादी फरशी ठेवली. ती फरशी बायकोने स्वयंपाकाच्या ओट्यासाठी आणली होती. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

प्रत्येक बदलानंतर बाबा खुर्ची ओढून समोर बसायचे. गाणं सुरू झालं की तर्जनी वर करायचे. "हा मी." मला तीन आवाजांचा एकच गोळा ऐकू यायचा. त्यात बाप कोणता ते कळत नव्हतं. मी मान डोलवायचो. मग बाबा म्हणायचे, "आनखी साफ कर." हे ते इतक्या साधेपणाने म्हणायचे की मी पुन्हा कामाला लागायचो.

तेवढ्यात विहाराच्या कमिटीने ठरवलं की बुद्धपौर्णिमेला संध्याकाळी वंदना झाली की सगळ्यांनी आमच्या घरी यायचं, तबकडी ऐकायची आणि बाबांना शाल द्यायची. बाबांना आजवर कोणी शाल दिली नव्हती. ते दाढी करून चार दिवस बहिणीकडे मानोऱ्याला गेले. तिथेही हेच सांगायला गेले होते.

ते नसताना मी दोन गोष्टी केल्या. एक, मागवलेली नवी सुई बसवली. दुसरी, तुरीची पोती खोलीच्या दोन कोपऱ्यांत रचली. पत्र्याखालच्या त्या खोलीत आवाज इतका घुमायचा की विहिरीत वाकून बोलल्यासारखं वाटे. पोत्यांनी तो घुमारा गिळून टाकला. गिरणी बंद होती. मी सुई ठेवली आणि गार पडलो. पेटी वेगळी, ढोलकी वेगळी, पुढे मुख्य गायक, आणि मागचे तिघं तीन वेगळी माणसं. त्यातला एक बाकीच्यांवर चढून, गावच्या मैदानात गावं तसा, मोकळ्या गळ्याने गात होता. सांगायला कोणी लागलं नाही. बापाचा आवाज पहिल्यांदा ऐकला आणि मी येड्यासारखा एकटाच हसत बसलो.

मग पहिलं कडवं संपलं. नुसती पेटी वाजत होती, आणि तिच्याखालून कोणीतरी दबक्या आवाजात बोललं. मी सुई मागे घेतली. पुन्हा ऐकलं.

"मांगं सर गड्या. आनखी मांगं. दारापाशी."

दुसऱ्या कडव्याला तो मोकळा आवाज लांब गेला होता. बारीक, भिंतीकडून आल्यासारखा. शेवटपर्यंत तो तिथेच राहिला.

झालं. उघड होतं. मैदानात भोंग्याशिवाय गायची सवय, स्टुडिओत मायक एकच. बाबा एकटे तिघांना झाकून टाकत होते, म्हणून मुख्य गायकाने, त्यांच्या त्याच मित्राने, त्यांना मागे घातलं. आणि कंपनीने दुसऱ्यांदा रेकॉर्डिंग करायची तसदी घेतली नाही. मी इतके महिने राबून, झाडांच्या वाटचं पाणी पाजून, काय कमावलं तर हे. पौर्णिमेला अख्खं गाव येणार, आणि बाबा शाल पांघरून ऐकणार की ते दारापाशी होते.

मला स्वतःचा राग आला, त्या सुईचाही आला. नवी काढून घाईत जुनी बसवली, तिचं टोक जरा वाकलं तरी तसंच राहू दिलं. पोती ओसरीवर नेऊन टाकली. बायकोला कारण सांगितलं नाही. ती म्हणाली, "आता पोत्यायनं काय घोडं मारलं?"

पौर्णिमेच्या दुपारी बाबा आले. पाणी प्यायले आणि म्हणाले, "लाव." मी लावलं. तर्जनी वर गेली नाही. पेटीच्या जागेवर सगळं गढूळ होतं, कोणी काही बोललेलं ऐकू येत नव्हतं. मला बरं वाटलं.

"आवाज पडला," बाबा म्हणाले. "काय केलं तू?"

"काही नाही बाबा. उन्हानं होते असं."

"मास्तर हाये ना तू? मग नीट सांग." त्यांनी खोलीत नजर फिरवली. टर्नटेबलशेजारी नव्या सुईची डबी तशीच पडली होती. "हे नवी आणली अन् लावली काहून नाही? आज लोक येऊन राह्यले."

त्यांना काय सांगणार? पोरांचं सगळं अडवता येतं, बापाला कसं अडवायचं? मी नवी सुई बसवली. माणसं येईपर्यंत बायकोने पोतीही आत घ्यायला लावली, कारण ओसरीवर बसायला जागा नव्हती.

खोली भरली. बायका दारात, म्हातारे सतरंजीवर. बाबा समोर खुर्चीत, खांद्यावर शाल. भाषण झालं, त्यात चार बोटं आली. टाळ्या पडल्या. मी सुई ठेवली.

पहिलं कडवं. बाबांची तर्जनी वर. लोक मान डोलवू लागले. आवाज ओळखायला कोणाला अडचण नव्हती. मग पेटी आली, आणि तिच्याखालचं ते बोलणं भरल्या खोलीत स्वच्छ ऐकू आलं. दारात एक जण फिसकन हसला. कमिटीचा अध्यक्ष माझ्याकडे बघू लागला. मी बाबांकडे बघायची हिंमत केली नाही.

"उचल," बाबा म्हणाले.

मी सुई उचलली.

"मांगं घे. तेवढंच."

मी तेवढंच लावलं. संपल्यावर ते म्हणाले, "पुन्हा." तिसऱ्यांदा लावल्यावर सतरंजीवरच्या एका म्हाताऱ्याने, वाईट हेतूने नव्हे, विचारलं, "मंग तुमी दारापाशी होते का?"

"दारापाशीच होतो," बाबा म्हणाले. त्यांचं लक्ष स्पीकरकडे होतं. "माह्या या दोस्ताचं गाणं सगळ्या जिल्ह्यानं ऐकलं. बोलणं राह्यलं नव्हतं कोणापाशी. मले वाटे, मीच इसरलो त्याचं बोलणं." दम लागला म्हणून ते थांबले. "असाच बोले तो."

माझे डोळे भरून आले. सुई नीट दिसेना म्हणून बायकोने टॉर्च धरला.

"लाव," बाबा म्हणाले.

पेटी वाजली. "मांगं सर गड्या," मित्र म्हणाला. "आनखी मांगं."

बाबांनी दोन्ही हातांनी खुर्ची धरली आणि भरल्या खोलीत ते थोडे मागे सरकले.