एका ‘तू’साठी

माझी आत्या शाळेत शिकवायची आणि भांडायची. दोन्ही कामं सारख्याच निष्ठेनं. तिचा आवाज कधी चढला नाही. शब्द मात्र धार लावून, सावकाश यायचे.

निवृत्तीनंतर तिनं एक जुनी अमेरिकन कादंबरी मराठीत आणायला घेतली. गोऱ्या जमीनदाराचं घर, तिथली काळी म्हातारी स्वयंपाकीण, आणि तिच्या हातचं खाऊन वाढलेला मालकाचा पोरगा. इंग्रजीत सगळ्यांना ‘यू’ हा एकच शब्द पुरतो. मराठीत तशी सुटका नाही. तोंड उघडलं की कोण वर, कोण खाली, ते ठरवावंच लागतं. आत्यानं पोराच्या तोंडी म्हातारीला ‘तू’ घातलं आणि म्हातारीच्या तोंडी पोराला ‘आपण, धाकटे मालक’.

हे तिला कोशात शोधावं लागलं नव्हतं. तिची आई, म्हणजे माझी आजी, एका वकिलाकडे स्वयंपाकाला होती. वकिलाची मुलं तिला ‘ए, पाणी दे’ म्हणत, आणि ती म्हणे, ‘देते हं, धाकटे साहेब.’ ओट्याखाली बसून अभ्यास करणाऱ्या आत्याच्या कानात ते कायमचं मुरलं. त्या एका ‘तू’त सगळं घर कसं बसलंय, हे तिनं प्रस्तावनेत लिहिलं. आजीसकट.

प्रकाशक वयानं आत्याच्या मुलासारखा. त्यानं बाड चाळलं, कपाळाला आठ्या घातल्या. ‘तू’ राहू द्या, पण प्रस्तावना काढा, तरच छापतो, असं त्याचं म्हणणं.

“आईलाही आपण तूच म्हणतो, बाई. त्या पोराचं तिच्यावर प्रेम आहे. तुम्हाला जिथंतिथं खुसपट दिसतं.”

“मग म्हातारीलाही त्याला ‘तू’ म्हणू द्या.”

“ते कसं शोभेल? ती नोकर आहे.”

आत्या उठली. टेबलावरचे कागद तिनं एकेक करून गोळा केले, कडा जुळवल्या.

“ठेव तुझा छापखाना तुझ्यापाशी.”

त्याचे कान लाल झाले. “मला अरेतुरे करता?”

“रागावतोस काय? प्रेमानं म्हणतेय.”

पुस्तक निघालं नाही. बाड तिच्या कपाटात साड्यांखाली आहे. तिला ते सलतं, हे मला ठाऊक आहे. पण प्रकाशक रस्त्यात दिसला आणि घाईनं पलीकडे गेला, की ती या कडेनं, चारचौघांना ऐकू जाईल असं, एकेरीत विचारते, बरा आहेस ना.