घड्याळबाईंचे चाळीस उंदीर

घड्याळबाईंचं खरं नाव आता हजेरीच्या यंत्रापुरतंच उरलं होतं. प्राणिशास्त्राची पदवी घेऊन त्या एका औषध प्रयोगशाळेत सहा महिन्यांच्या बदलीवर आल्या होत्या आणि बावीस वर्षं तिथेच रमल्या. सासूबाई होत्या तोवर पाहुण्यांसमोर हमखास म्हणायच्या, "आमच्या घरात उंदीर झाला की पिंजरा लावतात. हिला मात्र त्यांच्यापाशी बसायचा पगार मिळतो." पाहुणे हसायचे, घड्याळबाईही हसायच्या आणि चहा टाकायला उठायच्या.

त्यांचं काम सांगायला सोपं आणि करायला जिकिरीचं होतं. टेबलावर मुठीत मावेल असा रबरी आवरणाचा एक आडवा दांडा होता. तो आधी सावकाश फिरायचा, मग त्याचा वेग वाढत जायचा. औषध टोचलेला उंदीर त्यावर ठेवायचा आणि तो किती वेळ चालत राहतो ते बघायचं. उंदीर पडला की खालच्या पट्टीला धक्का बसून घड्याळ आपोआप थांबे. तीन मिनिटं टिकला तर औषधाने गुंगी आणली नाही. मिनिटाच्या आत पडला तर आणली.

पण काही उंदीर मोठे बेरकी. झोप अनावर झाली की ते चालतही नाहीत आणि पडतही नाहीत. चारी पायांनी दांड्याला मिठी मारतात आणि त्याच्याबरोबर गरागरा फिरत राहतात. यंत्राला वाटतं, टिकलाय बुवा. म्हणून तिथे माणूस बसवावा लागतो. उंदराने चिकटून एक पूर्ण फेरी घेतली की लाल बटण दाबून घड्याळ थांबवायचं आणि वेळेपुढे "चिकटला" असं लिहायचं. हा नियम घड्याळबाईंच्याच टपोऱ्या अक्षरात भिंतीवर लावलेला होता. नवीन आलेली पोरं तो पाहून शिकायची. सिरिंजवर नुसते आकडे असायचे. कशात साधं पाणी आहे आणि कशात औषध, हे बाईंना सांगितलं जात नसे. त्यांनीही ते कधी विचारलं नव्हतं. "बाईंनी बघितलंय ना?" एवढं ऐकलं की विभागाच्या मॅडम पुढचा कागद उघडायच्या.

घरी एकुलती एक लेक होती, सतरा वर्षांची. अकराव्या वर्षी तिला पहिली फिट आली, जिन्यात. तेव्हापासून गोळ्या चालू होत्या. गोळ्यांनी फिट आवरल्या, पण त्याबरोबर लेकीचे निम्मे दिवसही नेले. वर्गात बाकावर डोकं टेकलेलं, जेवताना घास हातातच, मैत्रिणीशी फोनवर बोलता बोलता इकडून घोरणं सुरू. बाप बस आगारात मेकॅनिक. तो कामावरून आला की आधी लेकीच्या खोलीत डोकावायचा आणि बायकोला खुणेनेच विचारायचा, जागी आहे का?

त्यामुळे एकशे चौदा नंबरच्या औषधाशी बाईंचं नातं वेगळं होतं. ते बनवणारा केमिस्ट म्हणजे काडीसारखा माणूस. कँटीनमधल्या कागदी रुमालांवर रेणूंची चित्रं काढायचा आणि मग त्यालाच तोंड पुसायचा. त्याने बाईंना एकदा समजावलं होतं. मेंदूत गाबा नावाचं रसायन असतं, ते पेशींना शांत करतं. पेशीवर त्याच्यासाठी रिसेप्टर, म्हणजे येऊन बसायच्या जागा, असतात, आणि ते सगळे एका जातीचे नसतात. काहींमुळे मुख्यतः झोप येते, काहींमुळे फिट आटोक्यात राहते.

"जुनी गोळी म्हणजे इमारतीत शिरून सगळ्या घंट्या वाजवणारं पोर," तो म्हणाला होता. "मला फक्त तिसऱ्या मजल्याची वाजवायची आहे."

"आणि पहिल्या मजल्यावरच्याने दार उघडलं तर?"

"तर तुमचे उंदीर चुगली करतील."

फिटच्या चाचणीत एकशे चौदा झकास उतरलं. बाहेर काही बोलायचं नाही हा तिथला दंडक, पण बाईंना राहवलं नाही. संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालता घालता त्यांनी लेकीला सांगून टाकलं की असं एक औषध येतंय, फिट थांबतील आणि झोपही येणार नाही. लेकीने विचारलं, किती वर्षं? सगळं नीट झालं तर सहा-सात, बाई म्हणाल्या. लेकीने बोटांवर मोजलं आणि म्हणाली, चोवीस म्हणजे काही अगदी म्हातारी नाही. त्यानंतर ती आठवड्यातून एकदा तरी विचारायची, तुझं एकशे चौदा काय म्हणतंय?

मग झोपेची चाचणी आली. चाळीस उंदीर, दहा-दहाचे चार गट. एकाला पाणी, एकाला जुनं औषध, एकाला एकशे चौदाची छोटी मात्रा आणि एकाला मोठी, जी फिट थांबवते ती. आकड्यांची सरमिसळ नेहमीसारखीच चोख होती. पण बावीस वर्षांच्या हाताला कोण गप्प करणार? पाणी टोचलेला उंदीर उचलताना वळवळतो, औषध टोचलेला ढिला लागतो. ढिला आहे आणि ठेवल्याबरोबर पडलाही नाही, म्हणजे तो एकशे चौदाचा. पाचव्या-सहाव्या उंदरापर्यंत बाईंना सगळं कळून चुकलं.

सातवा उंदीर चिकटला. एक फेरी झाली. बाईंचं बोट बटणावर होतं. त्यांच्या मनात आलं, आता उठेल. दुसरी फेरी झाली, तिसरी झाली. मग तो खरोखरच सावरला, दहा पावलं चालला आणि पुन्हा चिकटला. चालला की नाही? बाईंनी बटण दाबलं नाही. पुढच्या वेळी तर बोट बटणापर्यंत गेलंच नाही. दोन दिवसांत चाळीस उंदीर झाले. मोठ्या मात्रेच्या दहापैकी आठ तीन मिनिटं टिकल्याचं वहीत लिहिलं गेलं.

कोणत्या आकड्यात काय होतं त्याची मोहरबंद यादी उघडली तेव्हा केमिस्ट खुर्चीवरून उठून खिडकीपाशी गेला आणि बराच वेळ तिकडे तोंड करून उभा राहिला. मॅडम सहसा कुणाचं कौतुक करत नसत. त्यांनी बाईंच्या खांद्यावर हात ठेवला. पुढची चाचणी मोठ्या प्राण्यांवर घ्यायचं ठरलं, त्याचे कागद पंधरा दिवसांत निघणार होते. लेकीला बातमी कळली आणि त्या दिवशी ती रात्रीच्या जेवणापर्यंत झोपली नाही. आनंदाने म्हणा, हट्टाने म्हणा.

शनिवारी मेंदूच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. दर तीन महिन्यांची भेट. डॉक्टर नेहमीचे प्रश्न विचारायचे आणि बाई नेहमीची उत्तरं द्यायच्या. फिट आली? नाही. दिवसा झोप किती? तासभर, बाई म्हणाल्या. जास्त सांगितलं तर डॉक्टर मात्रा कमी करतील आणि फिट परत येईल, ही धास्ती त्यांना जिन्यातल्या त्या दिवसापासून होती. म्हणून त्या झोपेचे तास जरा हात राखूनच सांगायच्या. त्यात आपण खोटं बोलतो असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं.

"साडेतीन," लेक म्हणाली.

डॉक्टरांनी मान वर केली.

"रोज साडेतीन तास, डॉक्टर. वर्गातले दोन धरून. मी महिनाभर लिहून ठेवलंय." मग आईकडे न बघता ती म्हणाली, "आई, तू नको ना मोजूस. झोप मला येते."

डॉक्टर काहीतरी बोलत राहिले, गोळी दिवसात कशी विभागून देता येईल वगैरे. पुढच्या भेटीत बघू म्हणाले. बाईंच्या कानावर त्यातलं निम्मंच पडलं. त्यांना आकडा दिसत होता, आठ. दहापैकी आठ.

रविवार कसा गेला ते त्यांनाच ठाऊक. एक मन म्हणे, तो सातवा चाललाच होता की दहा पावलं. दुसरं म्हणे, भिंतीवर अक्षर कोणाचं आहे? एकदा वाटलं, पुढच्या चाचणीत काय ते दिसेलच, आपण कशाला अंगावर घ्यायचं. पण न दिसता हे औषध पुढे पुढे गेलं, तर एके दिवशी कुठल्या तरी आईच्या हातात ते पडणार होतं, आणि तिच्याही मुलीच्या हातात घास तसाच राहणार होता. नोकरी जाईल का, हाही विचार आला. तो आला म्हणून स्वतःची लाज वाटली, तरी तो गेला नाही.

सोमवारी मॅडम येण्याआधीच बाई त्यांच्या खोलीबाहेर उभ्या होत्या. सांगायला त्यांना चारच वाक्यं लागली. हात ओळखत होता, मी फेऱ्या जास्त दिल्या, बटण दाबलं नाही, माझी मुलगी हेच औषध घेणार अशी मला आशा होती. मॅडमनी पर्स टेबलावर ठेवली.

"पहिल्याच दिवशी सांगायचं होतंत ना, की घरात असं आहे. मी दुसऱ्या कुणाला बसवलं असतं."

"विचारलं असतंत तर सांगितलं असतं," बाई म्हणाल्या आणि लगेच त्यांना वाटलं, हेही खरं नाही.

दांड्यावर कॅमेरा असतो, पण त्याच्या फिती एरवी कुणी बघत नसे. मॅडमनी दुसऱ्या विभागातल्या, एकशे चौदा म्हणजे काय हेही ठाऊक नसलेल्या मुलीला चाळीस चित्रफिती दिल्या आणि भिंतीवरचा नियम दिला. तिने दोन दिवसांत मोजून आणलं. मोठ्या मात्रेच्या दहापैकी सात उंदीर मिनिटाच्या आत चिकटले होते. म्हणजे फिट थांबवणारी मात्राच झोपही आणत होती, जुन्या गोळीइतकी नाही, पण पुरेशी. पहिल्या मजल्यावरच्याने दार उघडलं होतं.

एकशे चौदा बंद झालं. केमिस्ट तीन दिवस बाईंशी बोलला नाही. चौथ्या दिवशी कँटीनमध्ये समोर येऊन बसला, रुमालावर एक चित्र काढलं आणि त्याच्या एका कोपऱ्यावर फुली मारली. "रेणूची ही शेपटी त्रास देतेय बहुतेक," तो म्हणाला. "दीड वर्ष गेलं माझं." बाईंनी मान हलवली. दुसरं काय करणार? मॅडमनी त्यांना कामावर ठेवलं, मात्र फिटच्या कुठल्याही औषधाचं निरीक्षण त्यांच्याकडे राहिलं नाही. बाकीच्या औषधांसाठीही यापुढे दोघांनी वेगवेगळं मोजायचं ठरलं. घड्याळबाई हे नाव कायम राहिलं, पण हाक मारताना पोरं जराशी अडखळू लागली.

घरी सांगणं सगळ्यात कठीण. लेक जेवणाच्या टेबलावर पुस्तक उघडून बसली होती. बाईंनी काही लपवलं नाही, बटणाचंसुद्धा. लेकीने ऐकून घेतलं. आधी ती रागावली ती औषध गेलं म्हणून नाही. "मला सांगितलंसच कशाला मग? पास झाल्याशिवाय सांगायचं नाही ना." ते बाईंना कबूल होतं. बाप मध्ये काही बोलायला गेला, तर दोघींनी मिळून त्याला गप्प केलं.

थोड्या वेळाने लेकीने विचारलं, "ते चिकटलेले उंदीर. त्यांचे डोळे उघडे असतात का मिटलेले?"

"उघडे."

"हं," लेक म्हणाली. "वर्गात माझेही असतात. सगळ्यांना वाटतं मी ऐकतेय."

लेकीने पुस्तक मिटलं, आईचा फोन ओढून घेतला आणि डॉक्टरांच्या दवाखान्याचा नंबर शोधला. तीन महिने कोण थांबणार, ती म्हणाली. पलीकडून आधी कारकून बोलला, मग स्वतः डॉक्टर. लेक उभी राहून बोलू लागली. गोळी विभागून घेण्याबद्दल तुम्ही म्हणाला होतात ते आत्ताच करून बघायचं आहे, फिट आली तर लगेच कळवू. डॉक्टरांनी दुपारच्या झोपेबद्दल काहीतरी विचारलं असावं, कारण ती थांबली आणि वही चाळू लागली.

बाईंच्या जिभेवर आकडा आला होता. त्यांनी तो गिळला, आणि लेक पान शोधेपर्यंत तिच्या शेजारी नुसत्या उभ्या राहिल्या.