संवादसाहेबांच्या सात पायऱ्या

संवादसाहेबांना हे नाव एका सुताराने दिलं. साहेब पेशाने आर्किटेक्ट, वय पंचावन्न, आणि हात असा की रेघ ओढावी तर त्यांनीच. पण रेघेखाली चार शब्द लिहायची वेळ आली की त्यांच्या अंगात यायचं. एका घराच्या खिडकीच्या ड्रॉइंगवर त्यांनी लिहिलं होतं, ‘ही खिडकी बाहेरच्या निसर्गाशी अलगद संवाद साधेल.’ सुताराने कागद उलटसुलट पाहिला, कानामागची पेन्सिल काढली आणि विचारलं, “साहेब, संवाद साधू दे की. पण ती उघडायची आत की बाहेर?”

तेव्हापासून ते संवादसाहेब. तक्रार करायला त्यांना तोंड नव्हतं, कारण त्यांच्या टिपणांत जो तो कुणाशी तरी संवादच साधत असे. भिंत उजेडाशी बोलायची, जिना जमिनीशी, ओटा म्हणे आकाशाशी. एवढी सगळी बडबड चालू असताना घरमालकाला मात्र आपली मोरी कुठे आहे याचा पत्ता लागत नसे. साहेबांकडे एक वही होती. तिच्यात त्यांनी वापरण्यालायक शब्द लिहून ठेवले होते: उलगडणारा, झिरपणारा, स्पंदन, अवकाश, आरोहण. टिपण लिहिताना वही उघडायची आणि चिमूट चिमूट सगळ्यातलं थोडं टाकायचं. ही हकिकत आता ते स्वतःच सांगतात, आणि सांगताना इतके हसतात की समोरच्याला आपण हसावं की नाही हे कळत नाही.

स्पर्धांमध्ये मात्र त्यांची डाळ शिजत नव्हती. शाळा, वाचनालय, बसस्थानक अशा अकरा सार्वजनिक इमारतींसाठी त्यांनी आराखडे पाठवले आणि अकराही साभार परत आले. पहिल्या दहा वेळा साहेब म्हणाले, गाढवाला गुळाची चव काय. अकराव्या वेळी, यातलं गाढव नेमकं कोण, अशी शंका त्यांना स्वतःलाच चाटून गेली. मधल्या काळात पोट भरायला त्यांनी लोकांच्या घरांवर मजले चढवले, गॅलऱ्या बंद करून दिल्या, संडास हलवले.

आता तेही काम आटत चाललं होतं. मेहुण्याचं फरश्यांचं मोठं दुकान होतं. गिऱ्हाइकाला न्हाणीघरासाठी कुठली फरशी शोभेल हे सांगायला एक जाणता माणूस हवा होता, आणि मेहुण्याने खुर्ची पुसून तयार ठेवली होती. साहेबांनी बायकोला सांगून टाकलं, ही बारावी स्पर्धा शेवटची. नाही जमलं तर ऑफिसला कुलूप आणि आपण फरश्यांत. ऑफिसातल्या ड्रॉइंगवाल्या बाईंनी हे ऐकलं तेव्हा त्यांनी पेनाचं टोपण तीन वेळा काढलं आणि तीन वेळा लावलं. एकोणीस वर्षं त्या तिथेच काम करत होत्या.

बारावी स्पर्धा होती एका दवाखान्याची. छोटा, एकमजली, आजूबाजूच्या चार वस्त्यांसाठी. निवड करणाऱ्या समितीत एक डॉक्टरीणबाई, एक थोरल्या नर्सबाई आणि एक निवृत्त हेडमास्तर. त्यांची अट वाचून साहेबांच्या पायाखालची जमीनच सरकली. पहिल्या फेरीत ड्रॉइंग पाठवायचं नाही, फक्त दोन पानी लेखी टिपण. मागच्या खेपेला म्हणे समितीने चित्रातली झाडं पाहून एक इमारत पसंत केली होती. इमारत आली, झाडं आलीच नाहीत.

म्हणजे जे येत होतं ते मना, आणि जे येत नव्हतं त्याचीच परीक्षा. साहेबांनी मनातल्या मनात आराखडा पक्का केला, वही उघडली आणि चार दिवस लिहीत बसले. रविवारी सकाळी त्यांनी ते घरच्यांना वाचून दाखवलं. घरचे म्हणजे बायको, ती कपड्यांच्या घड्या घालत होती, आणि सासूबाई. सासूबाई गुडघ्याच्या उपचारासाठी महिनाभर लेकीकडे आल्या होत्या आणि कोपऱ्यातल्या उंच खुर्चीत काठी टेकवून बसल्या होत्या. जावयाला नावं ठेवायची नाहीत हा त्यांचा सव्वीस वर्षांचा नेम होता. साहेबांना त्यांचं हे मौन फार आवडे. आपल्याला खरं समजून घेणारं घरात एकच माणूस आहे, असा त्यांचा समज होता.

त्यांनी घसा साफ केला आणि सुरुवात केली. “दवाखान्याचे प्रवेशद्वार हे एक आरोहण आहे. व्याधीच्या सपाटीवरून आरोग्याच्या उंचीकडे नेणारे. प्रतीक्षेचा अवकाश मध्यवर्ती चौकाभोवती हळुवार उलगडत जातो...”

बायको म्हणाली, छान आहे. नवा शर्ट घालून दाखवला की ती ज्या आवाजात म्हणायची, त्याच आवाजात. साहेबांनी मोठ्या आशेने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी काठी या हातातून त्या हातात घेतली.

“जावईबापू, राग मानू नका,” त्या म्हणाल्या. “मी बसमधून उतरले आहे. माझा गुडघा दुखतोय. आता मी कुठे जाऊ?”

साहेबांनी समजावून सांगितलं की मध्यभागी चौक आहे, चौकाच्या पूर्वेला तपासणीच्या खोल्या आहेत आणि पश्चिमेला औषधं.

“असतील. पण मी अजून रस्त्यावरच उभी आहे.”

तीस वर्षं साहेबांनी प्रत्येक घर वरून पाहिलं होतं, छप्पर उचलून, कावळ्याच्या नजरेने. कागदावर घर तसंच दिसतं, मधोमध चौक आणि चहूकडे खोल्या, म्हणून ते लिहीतही तसंच आले होते. पण माणसं घरात वरून उतरत नाहीत, दारातून येतात, ही गोष्ट सासूबाईंच्या गुडघ्याने त्यांना आत्ता सांगितली. त्यांनी कोरा कागद घेतला. सासूबाई विचारत गेल्या आणि ते लिहीत गेले. बसथांब्यासमोरच फाटक आहे. फाटकातून आत आलात की दोन्ही बाजूंना फुलझाडं आहेत. पुढे गेलात की सात पायऱ्या.

“सात?” सासूबाईंनी विचारलं.

साहेब म्हणाले की तिथे पावसाचं पाणी साचतं, म्हणून जोतं उंच घ्यावं लागतं, आणि पायऱ्यांना कठडा आहे. मग ज्याला चढवतच नाही त्याने काय करायचं, असं सासूबाईंनी पुन्हा विचारलं. साहेब जरा घाईनेच म्हणाले की त्याचीही सोय आहे, मागच्या बाजूने उतार केलेला आहे. लिहा मग तेही, असं म्हणून सासूबाई थांबल्या. साहेबांनी लिहिलं: ‘ज्यांना पायऱ्या चढवत नाहीत त्यांनी इमारतीला वळसा घालून, कचऱ्याच्या डब्यांशेजारून, मागच्या दाराने आत यावे.’

लिहून झालं आणि त्यांनी ते वाचलं. त्यांचे कान तापले. त्यांनी वाक्य दुरुस्त करायला घेतलं. वळशाचं ‘परिक्रमा’ केलं, मागच्या दाराचं ‘शांत प्रवेश’ केलं, कचऱ्याचे डबे तर साफ गाळले. वाक्य छान दिसू लागलं. मग त्यांनी सासूबाईंच्या पायांकडे पाहिलं, वाक्य पुन्हा साधं केलं, तर कचऱ्याचे डबे जागच्या जागी. सजवलं की पायऱ्या नाहीशा व्हायच्या, आणि पुसलं की पुन्हा सातच्या सात. साहेबांनी पेन खाली ठेवलं. आपण इतकी वर्षं वाईट लिहितो याचं त्यांना कधी फारसं दुःख नव्हतं, कलाकाराला तेवढं माफ असतं. पण त्या वहीतला एकेक शब्द कशावर तरी पांघरूण घालायला आपण वापरत आलो, हे कळल्यावर त्यांना स्वतःची खरोखर लाज वाटली. आरोहण म्हणे. साठ पार केलेल्या, दुखणाईत माणसाचं आरोहण.

आणि गंमत अशी की ते सुधारायला शब्द उपयोगाचे नव्हते. इमारतच बदलायला हवी होती. त्या सात पायऱ्यांवर साहेबांचा जीव होता. कॉलेजपासून त्यांनी जे जे काढलं, त्याच्यापुढे अशा रुंद, ऐसपैस पायऱ्या काढल्या होत्या, आणि मजले चढवण्याच्या नि संडास हलवण्याच्या धंद्यात त्या बांधायला कधी मिळाल्याच नव्हत्या. मिळतील तर इथेच मिळतील अशी आशा होती. दुपारभर ते जेवणाच्या टेबलाशी बसून राहिले. संध्याकाळी त्यांनी पायऱ्या खोडल्या. दोन्हीकडची फुलझाडंही खोडली आणि फाटकापासून थेट पुढच्या दारापर्यंत सावकाश चढत जाणारी एकच रुंद वाट आखली. धडधाकट असो की काठीवाला, सगळ्यांना तीच. खोडताना डोळ्यांत पाणी आलं हे ते कबूल करतात. पण ते पायऱ्यांसाठी आलं की अकरा टिपणांसाठी, हे त्यांना अजून सांगता येत नाही.

सोमवारी ड्रॉइंगवाल्या बाईंनी टिपण टाइप केलं. एरवी त्या टाइप करताना खिडकीबाहेर पाहत असत. या वेळी त्यांनी मधेच थांबून विचारलं, बाकाला पाठ आहे ना, तसं लिहिलेलं नाही. साहेबांनी लिहिलं. मग म्हणाल्या, नंबर पुकारला तर मागच्या बाकावर ऐकू येईल का. तेही लिहिलं, आणि त्यासाठी आराखड्यातली एक भिंत आखूड केली. शेवटचं पान काढून देताना त्या म्हणाल्या, “साहेब, एकोणीस वर्षांत आज पहिल्यांदा मला टाइप करताना कळलं की आपण काय बांधतोय.”

साहेबांनी याला कौतुक समजायचं ठरवलं.

महिन्याने समितीपुढे बोलावणं आलं. तिघांचीच नावं पुढे गेली होती. हेडमास्तरांनी टिपण हातात धरून सांगितलं की यात काढून टाकावा असा एकही शब्द त्यांना सापडला नाही. साहेबांना वही आठवली आणि त्यांनी नजर खाली घातली. मग थोरल्या नर्सबाईंनी विचारलं, बाकीच्या दोघांनी छान पायऱ्या दिल्या आहेत, तुम्ही का नाही दिल्या? प्रश्न साहेबांच्या जिव्हारी लागला. जुनी सवय उसळून आली, ‘सपाटीचा संवाद’ असं काहीतरी अगदी ओठांवर आलं. त्यांनी ते गिळलं.

“माझ्या सासूबाईंचे गुडघे दुखतात,” ते म्हणाले.

नर्सबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. काम साहेबांना मिळालं. मेहुण्याने खुर्चीवर दुसरा माणूस बसवला.

दवाखाना उभा राहायला दोन वर्षं लागली. सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात सासूबाई पुन्हा गुडघा दाखवायला आल्या, आणि कुणी सोबत यायचं नाही असं त्यांनी बजावलं. साहेब तरीही गेले, आणि रस्त्यापलीकडे एका दुकानाच्या आडोशाला चोरासारखे उभे राहिले. सासूबाई बसमधून उतरल्या. फाटकातून आत गेल्या. कुणालाही काही न विचारता त्या वाटेने चढत गेल्या, दारातून आत शिरल्या आणि दिसेनाशा झाल्या. साहेबांना राहवलं नाही. तेही पाठोपाठ गेले आणि दाराशीच थबकले.

सासूबाई पाठ असलेल्या बाकावर पाठ टेकून बसल्या होत्या. शेजारची बाई त्यांना विचारत होती, तुम्ही इथे आधी येऊन गेलात का, तुम्हाला सगळं बरं माहीत आहे.

“नाही, पहिल्यांदाच आले,” सासूबाई म्हणाल्या. “पण माझ्या जावयांनी लिहिलंय हे.”